लोकरी मावा आणि समीकरणे: गणितवाला आणि कीटकवाली यांनी एकत्र काम कसे करावे?

प्रश्न : चिकोडीचा गणितवाला

नमस्कार. मी चिकोडी तालुक्यातील एका पदवी महाविद्यालयात गणित शिकवतो. दूधगंगेच्या काठी आमच्या मामांचा अडीच एकर ऊस आहे. माझी मावसबहीण धारवाडच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकली आहे. २००२ साली लोकरी मावा (उसाच्या पानांतला रस शोषणारी, पांढऱ्या लोकरीसारखी दिसणारी कीड) आधी सांगली जिल्ह्यात आणि मग त्याच वर्षी आपल्या भागात आला, तेव्हा मी शाळेत होतो. फडातून फिरून आले की सदरा गिरणीतून आल्यासारखा पांढरा व्हायचा, एवढे मला पक्के आठवते. गेल्या पावसाळ्यात मामांच्या उसावर तोच मावा पुन्हा दिसला, आणि सर्वांच्या चेहऱ्यावर काळजी असताना आम्हा दोघांना मात्र मोजणीची संधी मिळाल्याचा आनंद झाला, हे कबूल करायला हवे.

बहिणीने एका पुठ्ठ्यात एक चौरस इंचाची खिडकी कापली. दर आठ दिवसांनी ती पानाच्या खालच्या बाजूला पुठ्ठा ठेवून खिडकीत दिसणारा मावा मोजायची आणि त्याच पानावर कोनोबाथ्राच्या, म्हणजे मावा खाणाऱ्या एका पतंगाच्या, अळ्या किती आहेत तेही लिहायची. फडावरचा गडी तिच्या सांगण्यावरून कन्नडमध्ये आकडे टिपत असे आणि रात्री मी ते संगणकात भरत असे. माव्याचे आकडे आधी चढले, अळ्यांचे मागून चढले, मग मावा घसरला. हे पाहताच मी भक्ष्य-भक्षकाची लोत्का-व्होल्टेरा समीकरणे काढली आणि त्यांचे स्थिरांक आकड्यांशी जुळवले. वक्र इतका सुरेख आला की मी तो छापून मामांच्या सोप्यावर चिकटवला.

बहिणीने तो पाहिला आणि म्हणाली, “दादा, यात ऊस कुठे आहे?” तिचे आक्षेप असे होते. मावा चौरस इंचाला आणि अळ्या पानाला, अशी दोन वेगळी मापे मी एकाच समीकरणात घातली होती. पंखांचा मावा वाऱ्यावर शेजारच्या फडातून येतो, त्याला माझ्या समीकरणात जागा नव्हती. आणि माझ्या वक्रानुसार माव्याची दुसरी लाट डिसेंबरअखेर यायला हवी होती, पण तोवर ऊस तुटून कारखान्याला गेला होता. त्यानंतर चार दिवस आम्ही चहापलीकडे बोललो नाही.

माझा प्रश्न असा आहे. गृहीतके उघडपणे खोटी असताना अशा समीकरणांचा काही उपयोग असतो का? आणि ज्यांनी हे काम खरोखर केले त्या गणितज्ञांनी आणि परिस्थितिकी अभ्यासकांनी आपापसात कामाची वाटणी कशी केली होती?

उत्तर : वेदगंगा (निपाणी)

मी प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे माझा कल आपल्या भगिनीकडे असणार हे गृहीत धरून वाचावे. तरीही आपण चिकटवलेला कागद सोप्यावरून काढू नये, असे मी म्हणेन. ज्या समीकरणांवर आपले भांडण झाले, त्यांचा जन्मच एका घरातल्या अशा संभाषणातून झाला होता.

उंबेर्तो द'आंकोना हा इटालियन प्राणिशास्त्रज्ञ एड्रियाटिक समुद्रावरच्या बंदरांतील मासळीबाजाराच्या नोंदी तपासत होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात मासेमारी जवळजवळ थांबली होती. फ्यूमे बंदरात, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रिएका येथे, एकूण मासळीत शार्क आणि पाकट यांसारख्या शिकारी माशांचे प्रमाण १९१४ साली ११.९ टक्के होते. १९१८ साली ते ३६.४ टक्क्यांवर गेले आणि मासेमारी पूर्ववत झाल्यावर १९२३ साली १०.७ टक्क्यांवर उतरले. जाळी कमी पडली म्हणून सगळेच मासे वाढले असते तर त्यात नवल नव्हते. पण प्रमाण शिकाऱ्यांचेच का वाढले, हे त्याला उमगेना. त्याने हा प्रश्न व्हितो व्होल्टेरा या नामांकित गणितज्ञाला विचारला, आणि व्होल्टेरा हा त्याचा होणारा सासराच होता. व्होल्टेराचे उत्तर १९२६ साली प्रसिद्ध झाले. आल्फ्रेड लोत्का यानेही त्याच रूपाची समीकरणे स्वतंत्रपणे मांडली होती, म्हणून दोघांची नावे जोडली जातात.

त्या उत्तरातील मर्म वक्राच्या गोलाईत नसून सरासरीत आहे. ती समीकरणे एका पूर्ण फेऱ्यावर सोडवली की भक्ष्याची सरासरी संख्या केवळ भक्षकाच्या स्थिरांकांवर अवलंबून राहते. भक्षकाच्या मृत्युदराला, एका भक्ष्यामागे भक्षकाच्या वाढीत जी भर पडते तिने भागले की ती मिळते. भक्ष्य किती वेगाने पिलावते याचा तिच्यात मागमूसही नसतो. उलट भक्षकाची सरासरी ही भक्ष्याच्या वाढीचा वेग भागिले भक्षकाच्या खाण्याचा वेग अशी येते. आता दोघांनाही सारख्या प्रमाणात मारणारे काहीतरी त्यात आणा. भक्षकाचा मृत्युदर वाढतो, म्हणून भक्ष्याची सरासरी वर जाते. भक्ष्याच्या वाढीचा वेग घटतो, म्हणून भक्षकाची सरासरी खाली येते. जाळे दोघांना पकडत होते, पण त्याचा लाभ भक्ष्याला होत होता. युद्धात जाळी थांबली आणि शिकारी मासे वधारले.

हेच फवारणीलाही लागू पडते. कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागांना एका पांढऱ्या खवलेकिडीने ग्रासले होते. १८८८ साली ऑस्ट्रेलियातून एक लहानसा ढालकिडा आणून सोडला आणि ती कीड थोड्याच काळात आटोक्यात आली. पुढे १९४० च्या दशकात त्याच बागांत डीडीटी मारले गेले तेव्हा ढालकिडे मेले आणि खवलेकीड पुन्हा उसळली. मामांना हे अवश्य सांगावे, कारण औषधाचा पंप सोप्याच्या कोपऱ्यातच ठेवलेला असणार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर यातच आहे. व्होल्टेराच्या समुद्रातही गृहीतके खोटीच होती. त्याचे मासे कुठून कुठे पोहत जात नव्हते आणि त्यांना उन्हाळा-हिवाळा नव्हता. पण द'आंकोनाचा प्रश्न नेमका होता, दोन गटांचे प्रमाण कोणत्या दिशेला सरकेल एवढाच, आणि तेवढ्याला ते समीकरण पुरले. आपण मात्र त्याच्याकडून डिसेंबरची तारीख मागितली. दिशा विचारली असती तर भांडण झाले नसते.

उत्तर : कृष्णाकाठ (अथणी)

मी शेतकरी आहे आणि माझे गणित बारावीपर्यंतचे आहे, तरी एक गोष्ट विचारतो. ताईंनी पाने कुठली मोजली?

वाढलेल्या उसात शिरणे सोपे नसते. पाने हात कापतात, पाचटाखाली काय वळवळते ते दिसत नाही आणि पावसात सरीत पाय रुततो. त्यामुळे मोजणारा माणूस बांधावरून हाताला येईल ते पान मोजतो. आमच्याकडे त्या काळात पाहणीला येणारे बहुतेक लोक असेच मोजून जात. पण काठाचा ऊस आणि आतला ऊस यांत फार फरक असतो. मध्यभागी हवा कोंडते, ओल राहते आणि मावा तिथे गोळ्यागोळ्यांनी बसतो. एका बेटाची पाने चिकट्याने काळी पडलेली आणि दहा पावलांवरचे बेट स्वच्छ, असे मी कित्येकदा पाहिले आहे. तुमचे आकडे काठाचे असतील तर तुमच्या समीकरणात मामांचा फड नसून मामांचा बांध आहे.

वरच्या सरांनी फवारणीचे लिहिले ते मी सोसलेले आहे. पहिल्या वर्षी आम्ही तीनदा फवारले आणि प्रत्येक वेळी मावा परतला. नंतर कोनोबाथ्राच्या अळ्या असलेले पानांचे तुकडे दुसऱ्याच्या फडातून आणून आमच्या पानांना टाचणीने टोचले आणि पंप घरात ठेवला. तेव्हा कुणी व्होल्टेरा सांगितला असता तर डिझेलचे पैसे वाचले असते.

उत्तर : गिरणीवाली (शहापूर, बेळगाव)

मी संख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आहे आणि आमच्या घरची पिठाची गिरणी आहे. या दोन्ही कारणांनी मला या चर्चेत राहवत नाही.

आधी मापांचा वाद मिटवते, कारण त्यात दोघेही अर्धे बरोबर आहेत. चौरस इंचाला मोजलेला मावा आणि पानाला मोजलेल्या अळ्या एकाच समीकरणात घालणे हा गणिती गुन्हा नाही. मापातला फरक स्थिरांकांत मुरतो, त्याने फक्त त्यांची किंमत बदलते. मात्र त्यासाठी पानाचा आकार आणि एकूण पानांची संख्या तीच राहायला हवी. जुलै ते ऑक्टोबर या काळात ऊस दुपटीहून उंच होतो, नवी पाने येतात, जुनी वाळून पाचट होतात. चौरस इंचाला तेवढाच मावा दिसला तरी फडातला एकूण मावा कितीतरी वाढलेला असतो. म्हणजे दादांचा स्थिरांक स्थिर नव्हता. बहिणीने “यात ऊस कुठे आहे?” असे विचारले तेव्हा ती नकळत हेच विचारत होती. हे ना एकट्या गणितवाल्याला सुचले असते, ना एकट्या कीटकवालीला नेमके मांडता आले असते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कामाच्या वाटणीचा. याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण आमच्या गिरणीतलेच आहे. पावसाळ्यात जुन्या पिठाचा डबा उघडला की तांबूस, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे किडे दिसतात. त्यांचे शास्त्रीय नाव ट्रायबोलियम. अमेरिकेत रॉबर्ट कॉस्टँटिनो आणि रॉबर्ट डेशार्ने हे जीवशास्त्रज्ञ, जिम कुशिंग हा गणितज्ञ आणि ब्रायन डेनिस हा संख्याशास्त्रज्ञ अशा चौघांनी या किड्यांवर अनेक वर्षे मिळून काम केले. दुधाच्या लहान बाटलीत वीस ग्रॅम पीठ आणि यीस्ट, त्यात किडे, आणि दर दोन आठवड्यांनी सगळे पीठ चाळून एकूण एक जीव मोजायचा. आमच्याकडे चाळणी रोज चालते, पण चाळणीत अडकलेल्यांचा असा मान कुणी ठेवला नव्हता!

या किड्यांची गोम अशी की प्रौढ किडे अंडी आणि कोष खातात आणि अळ्याही अंडी खातात. गर्दी वाढली की आधीची पिढीच पुढच्या पिढीला फस्त करते. त्यांच्या गणिती प्रतिकृतीत (मॉडेलमध्ये) तीन समीकरणे होती, अळ्या, कोष आणि प्रौढ यांची. वरवर पाहता हे जीवशास्त्राच्या पुस्तकातले नेहमीचे टप्पे वाटतात, पण तसे नाही. समीकरणात ‘कोष’ दाखवणाऱ्या अक्षराखाली त्यांनी खाणे थांबवलेल्या शेवटच्या अळ्या आणि नुकतेच बाहेर पडलेले कोवळे किडेही घातले. कोण कसा दिसतो यापेक्षा कोण कुणाला खातो हे समीकरणाला महत्त्वाचे होते. काळाची पायरी दोन आठवड्यांची ठेवली, कारण अळीचा काळ साधारण तेवढाच असतो. अक्षराचा अर्थ ठरवताना किडेवाल्याचा शब्द चालला आणि पायरी ठरल्यावर गणितवाल्याचा, असे मला त्यांचे निबंध वाचताना वाटत आले आहे.

त्यानंतर त्यांनी समीकरणाला आधी बोलू दिले. प्रौढांचा मृत्युदर अमुक ठेवला तर संख्या स्थिरावेल, तमुक ठेवला तर वरखाली होत राहील, आणि आणखी वाढवला तर तिला कुठलीच ठरावीक लय राहणार नाही, असे भाकीत कागदावर झाले. मग प्रत्येक मोजणीला बाटलीतले प्रौढ हवे तेवढे काढून किंवा घालून तो मृत्युदर प्रत्यक्ष आणला. स्थिर संख्येपासून आवर्तनांपर्यंतचे बदल त्यांनी १९९५ साली दाखवले आणि १९९७ साली ज्याला केऑस म्हणतात ती अवस्थाही दाखवली. आकडे हाती आल्यावर वक्र जुळवणे, जे आपण केलेत, ते कुणालाही जमते. आकडा येण्याआधी तो सांगून ठेवणे ही निराळी गोष्ट आहे.

जाता जाता, ही सांगड आपल्याला परकी नाही. माधव गाडगीळ हार्वर्डला गेले ते प्राण्यांच्या ओढीने, पण त्यांनी काम केले ते गणिती परिस्थितिकीत. १९७० साली त्यांनी विल्यम बॉसर्ट या गणिताकडून आलेल्या सहकाऱ्याबरोबर जीवांच्या आयुष्यक्रमावर निबंध लिहिला. पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८३ साली परिस्थितिकी केंद्र उभे राहिले, तेव्हा तिथे गणितवाल्यांना पहिल्यापासून जागा होती.

उत्तर : रानवाट (खानापूर)

निपाणीच्या सरांशी मी एका बाबतीत असहमत आहे. दिशा विचारली की ही समीकरणे नेहमी खरी बोलतात, असा कुणाचा समज होऊ नये.

अलेक्झांडर निकल्सन हा ऑस्ट्रेलियातील कीटकशास्त्रज्ञ आणि व्हिक्टर बेली हा भौतिकशास्त्रज्ञ. या दोघांनी १९३५ साली कीड आणि तिच्या अंगात अंडी घालणारा परोपजीवी कीटक यांची प्रतिकृती मांडली. परोपजीवी कीटक पिढीगणिक यजमान शोधतो, म्हणून त्यांनी काळही पिढीच्या पायऱ्यांनी मोजला. गणित निर्दोष होते. पण त्यातून निघाले ते असे की लाटा दर पिढीला मोठ्या होत जातात आणि शेवटी दोघेही नाहीसे होतात. निसर्गात मात्र असे जोडीदार शतकानुशतके टिकून आहेत. हा विरोध निकल्सनलाही दिसत होता. एकंदर प्रदेशात तुकड्यातुकड्यांनी नाहीशी होणे आणि पुन्हा वसणे चालू असते, अशी त्याची समजूत होती. दिशा चुकली ती चुकलीच, पण ‘मग हे टिकतात कसे’ हा प्रश्न त्या चुकीतूनच इतका टोकदार झाला की पुढची कित्येक दशके लोक त्यावर काम करत राहिले.

त्यातले एक काम अथणीच्या दादांच्या ‘दहा पावलांवरच्या स्वच्छ बेटा’शी जुळते. कॅलिफोर्नियातील कार्ल हफेकर याने १९५८ साली संत्री मांडून त्यांवर एक शाकाहारी कोळी (जाळे विणणारा नव्हे, तर माइट म्हणतात ती बारीक कोळी-कीड) आणि त्याला खाणारा दुसरा कोळी सोडला. संत्री जवळजवळ असली की शिकारी सगळे भक्ष्य संपवून स्वतःही उपाशी मरे. मग त्याने संत्री विखुरली, मध्ये व्हॅसलिनचे बांध घातले आणि भक्ष्याला वाऱ्यावर सूत सोडून पुढे सरकता यावे म्हणून काड्या उभ्या केल्या. तेव्हा मात्र दोघेही टिकले आणि एकामागून एक तीन लाटा दिसल्या. एका संत्र्यावर सर्वनाश होत असताना दुसऱ्यावर नवी वस्ती चालू होती.

म्हणून, चिकोडीच्या सरांनी सगळ्या पानांची सरासरी काढून एकच आकडा केला असेल तर नेमकी टिकवून धरणारी गोष्टच पुसली गेली. पंखांचा मावा शेजारून येतो ही बहिणीची तक्रार समीकरणातला दोष म्हणून सोडू नका, तोच अभ्यासाचा विषय करा.

एक इशाराही देतो. माव्यासारखा लाखांनी असणारा जीव सरासरीच्या गणिताला मानवतो. आमच्याकडे तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहेत राटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ आहे, जे दीर्घकाळ जगात फक्त तिथेच माहीत होते. अशा मूठभर जीवांच्या बाबतीत एका वर्षी दोन पिल्ले कमी जगली एवढ्यानेही चित्र पालटते. तिथे हीच समीकरणे आहेत तशी लावली तर ती फसवतात आणि संभाव्यतेचे गणित हाती घ्यावे लागते. कोणते गणित लावायचे हे जीव ठरवतो.

प्रश्नकर्ता : चिकोडीचा गणितवाला

सर्वांचे आभार. सर्व उत्तरे मी बहिणीला वाचून दाखवली. अथणीच्या दादांचा प्रश्न ऐकून ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की पहिल्या तीन मोजण्या आतल्या सरींतल्या होत्या, पण त्यानंतर पाऊस लागला आणि बाकीच्या सगळ्या बांधाकडच्या आहेत. म्हणजे ज्या आठवड्यात माझ्या वक्रात मावा घसरू लागतो, त्याच आठवड्यात आमची मोजणारी फडातून बाहेर आली होती. त्या घसरणीतली किती कोनोबाथ्राची आणि किती चिखलाची, हे आता सांगता येणार नाही. तो कागद मी स्वतःच काढला.

यंदा खोडव्यात पुन्हा मोजायचे ठरले आहे. फडाचे बारा तुकडे पाडून प्रत्येकात आतल्या सरीतले एक बेट लाल चिंधी बांधून कायम केले आहे, आणि पाऊस असला तरी तिथेच जायचे. तुकड्यांची सरासरी काढायची नाही. पानांची संख्या आणि लांबीही दर वेळी लिहायची. पंखांचा मावा वेगळ्या रकान्यात जाईल. गिरणीवाल्या ताईंच्या सांगण्यावरून पहिल्या चार मोजण्यांनंतर मी पाचवीचे आकडे आधीच लिहून पाकिटात बंद करून मामांकडे देणार आहे.

मामांनी फवारणी न करण्याचे फक्त चार तुकड्यांपुरते मान्य केले आहे, तेही कडेचे नकोत अशी घासाघीस करून. बहिणीला कडेचेच हवे होते, कारण शेजारचा मावा तिथूनच शिरतो. त्यावर अजून बोलणी चालू आहेत. लांब बाह्यांचे दोन जुने सदरे मात्र आम्ही काढून ठेवले आहेत, कारण या खेपेला पुठ्ठा घेऊन आत मलाही शिरायचे आहे.